वरकस जमिनीवर घर : झाडी, वन आणि बिनशेती

झाडीची जमीन घ्यावी, ती साफ करावी, आणि साफ झाली की घराचा प्लॉट तयार झाला, असा समज कोकणात घट्ट रुजलेला आहे. याचे एक कारण असे की भातखाचरे आणि नारळी-पोफळीच्या बागा वगळल्या तर घराजोग्या म्हणून उरणाऱ्या जागा बहुतेक झाडीखालीच आहेत. या समजात दोन निराळ्या गोष्टींची गल्लत होते. झाडी जमिनीवर उभी असते आणि वन दफ्तरात असते, व या दोहोंचा मेळ असेलच असे नाही. एकही झाड नसलेला उघडा कातळ कायद्याच्या दृष्टीने वन असू शकतो, तर भर दुपारी ऊन न पोचणारी दाट राई सातबाऱ्यावर साधी जिरायत म्हणून नोंदलेली असू शकते. त्यामुळे झाडे तोडल्याने वनाची नोंद पुसली जात नाही, आणि वनाची नोंद नसल्याचे कळल्याने झाडांनी धरून ठेवलेला उतार सुरक्षित होत नाही. घर बांधू पाहणाऱ्याला हे दोन्ही प्रश्न स्वतंत्रपणे, आणि झाडाला कुऱ्हाड लावण्यापूर्वी, सोडवावे लागतात.

ही गल्लत समजून घेण्यासाठी वरकस जमीन म्हणजे काय, हे पाहणे उपयोगाचे आहे, कारण रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगड या जिल्ह्यांत घरासाठी विकली जाणारी झाडीची जमीन पुष्कळदा याच प्रकारची असते. डोंगरउतारावरची, हलक्या मातीची, भातशेतीला पूरक म्हणून राखलेली जमीन ती वरकस. तिच्यात दोन-तीन वर्षे नाचणी-वरी काढीत, मग काही वर्षे ती पड टाकीत. आणि पड असताना तिच्यावरच्या ऐन, किंजळ अशा झाडांचे टहाळ तोडून, वाळवून, भाताच्या रोपवाटिकेच्या जागेवर पसरून जाळीत. या भाजणीला राब म्हणतात. म्हणजे वरकस जमिनीवरचे झाड हा शेतीच्या अवजारांपैकीच एक भाग होता, आणि त्याला दर काही वर्षांनी कोयता लागत असल्याने ते कधी फार मोठे होत नसे. घरातली माणसे मुंबईला गेली, नाचणी थांबली, रासायनिक खत आल्यावर राबाचीही गरज उरली नाही, आणि कोयता न लागलेली तीच झाडे तीस-चाळीस वर्षांत जंगल होऊन उभी राहिली. आजही अशा राईत नीट पाहिले तर ऐनाच्या एकाच बुंध्यातून तीन-चार खोडे वर गेलेली दिसतात. ती जुन्या छाटणीची खूण असते. चाकरमान्यांच्या पुढच्या पिढीला गावी घर हवे असते, तेव्हा त्यांच्या वाट्याला येते ती ही जमीन, जिला गावातले वृद्ध वरकस म्हणतात, दलाल निसर्गरम्य प्लॉट म्हणतात, आणि वन खाते कधी कधी वन म्हणते.

वन खाते तिला वन का म्हणते, याचा इतिहास बराच मागे जातो. भारतीय वन अधिनियम, 1927 याच्या कलम 35 अन्वये खाजगी मालकीच्या जंगलांवर निर्बंध घालण्याचा अधिकार सरकारला मिळाला होता, आणि निर्बंध घालण्यापूर्वी मालकाला बाजू मांडण्याची संधी देणारी नोटीस त्याच कलमाच्या पोटकलम 3 खाली काढली जाई. अशा नोटिसा 1950 च्या दशकात मोठ्या प्रमाणावर निघाल्या, त्यांतील कित्येकांवर पुढे काहीच घडले नाही, आणि कागद दफ्तरात पडून राहिले. त्यानंतर महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम, 1975 हा कायदा आला. त्याने 30 ऑगस्ट 1975 हा दिवस ठरवून दिला, आणि त्या दिवशी राज्यातील सर्व खाजगी वने आपोआप शासनाकडे निहित झाली. निहित होणे म्हणजे खरेदीखत, मोबदल्याची वाटाघाट किंवा ताबापावती यांची वाट न पाहता कायद्याच्या बळावरच मालकी दुसरीकडे जाणे. कोणत्या जमिनी खाजगी वन समजाव्यात, याच्या व्याख्येत त्या जुन्या नोटिसांच्या जमिनीही घेतल्या होत्या. परिणाम असा झाला की वडिलोपार्जित म्हणून पुढेही कसली गेलेली, वाटली गेलेली, विकली गेलेली जमीन कागदावर मात्र त्या एका दिवसापासून सरकारची होती, आणि हे कित्येकांना तीस वर्षांनी, सातबाऱ्यावर नवी नोंद चढली तेव्हा, समजले.

या कायद्यातील वनाची व्याख्या घर बांधू पाहणाऱ्याने लक्ष देऊन वाचावी अशी आहे. झाडांनी व्यापलेली जमीन म्हणजे वन, असे सांगताना ती झाडे उभी असोत वा तोडलेली असोत, हेही तेथे स्पष्ट केलेले आहे. झुडपे, खुरटा झाडोरा, माणसाने लावलेली झाडे, आणि ओढ्याचे पाणी किंवा मातीची धूप यांवर जिच्या झाडोऱ्याचा परिणाम होऊ शकेल अशी जमीन, हे सर्व तिच्या कक्षेत येते. अर्ज करण्याआधी रातोरात झाडे पाडून जागा मोकळी दाखवण्याची जी युक्ती गावोगाव सुचवली जाते, तिचा फोलपणा या व्याख्येतच आहे. आता तर जुनी उपग्रहचित्रे कोणालाही पाहता येतात, त्यामुळे दहा वर्षांपूर्वी त्या गटात झाडी होती की नव्हती हे तहसील कार्यालयातील कारकुनालाही संगणकावर कळते.

कायद्याने मालकांसाठी काही वाटा मोकळ्या ठेवल्या होत्या, त्यांचीही माहिती असावी. ठरलेल्या दिवशी जी जमीन कायदेशीरपणे लागवडीखाली होती आणि कमाल धारणेच्या मर्यादेत होती, ती शासनाकडे गेली नाही. पुढे समाविष्ट केलेल्या कलम 22-अ नुसार, संपादनामुळे ज्या खातेदाराची एकूण जमीन 12 हेक्टरांपेक्षा कमी झाली त्याला ती तेवढी भरून येईपर्यंत वनजमीन परत देण्याची तरतूद झाली, आणि एखादी जमीन खाजगी वन आहे की नाही असा वाद असेल तर जिल्हाधिकाऱ्यांनी चौकशी करून निर्णय द्यावा, असे कलम 6 सांगते. सर्वोच्च न्यायालयाने 30 जानेवारी 2014 रोजी गोदरेज अँड बॉइस कंपनीच्या प्रकरणात दिलेला निकाल या सर्वांत महत्त्वाचा ठरला. जुनी नोटीस नुसती निघाली किंवा राजपत्रात छापली गेली एवढ्याने जमीन खाजगी वन ठरत नाही, ती मालकावर बजावलेली असली पाहिजे, आणि अनेक दशके निपचित पडलेल्या नोटिशीचा आधार घेऊन शासनाला हक्क सांगता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्या प्रकरणात मुंबईच्या उपनगरांतील जमिनी होत्या, पण निकालाचा आधार राज्यातील कोणत्याही गावच्या खातेदाराला घेता येतो. मात्र निकाल झाला म्हणून सातबाऱ्यावरची नोंद आपोआप उडत नाही. ती कमी करून घेण्यासाठी खातेदारालाच महसूल खात्यापुढे जावे लागते, आणि विकणारा जर ही खटपट न करता स्वस्तात जमीन विकत असेल तर त्या स्वस्ताईत खटपटीची किंमत धरलेली असते, हे घेणाऱ्याने ओळखावे.

खाजगी वनाचा प्रश्न नसेल तरी दुसरा एक प्रश्न उरतो. सर्वोच्च न्यायालयाने 12 डिसेंबर 1996 रोजी टी. एन. गोदावर्मन तिरुमुलपाद यांच्या याचिकेवर आदेश देताना वन या शब्दाचा अर्थ शब्दकोशाप्रमाणे घ्यावा, मालकी कोणाचीही असली तरी चालेल, असे ठरवले. त्यामुळे वन (संवर्धन) अधिनियम, 1980 या केंद्रीय कायद्याची मंजुरी अशा जमिनींनाही लागू झाली. राज्यांनी समित्या नेमून अशा क्षेत्रांच्या याद्या केल्या, आणि सिंधुदुर्गात ज्याला वनसंज्ञा म्हणतात तो प्रश्न त्यातूनच उभा राहिला: दफ्तरात राखीव वन नाही, मालक खाजगी आहे, तरी जमिनीला वन ही संज्ञा लागलेली आहे. केंद्राने 2023 मध्ये कायद्यात दुरुस्ती करून त्याची व्याप्ती अधिसूचित आणि अभिलेखात नोंदलेल्या वनांपुरती आणली. परंतु 19 फेब्रुवारी 2024 च्या अंतरिम आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने, राज्यांचे एकत्रित अभिलेख तयार होईपर्यंत 1996 चाच अर्थ पाळावा, असे बजावले. जमीन खरोखरच वन ठरली तर राहत्या घरासाठी ती वळती करून मिळण्याची आशा धरू नये. निवासी बांधकामासाठी वनजमीन देण्याचे प्रस्ताव सर्वसाधारणपणे विचारात घेऊ नयेत, असेच केंद्राचे धोरण आहे. याला मोठा अपवाद वनहक्क कायदा, 2006 याचा. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून वनजमिनीवर राहणाऱ्या व कसणाऱ्या आदिवासींचा आणि अन्य पारंपरिक वननिवासींचा हक्क तो मान्य करतो, आणि सप्टेंबर 2020 मध्ये राज्यपालांनी अनुसूचित क्षेत्रांपुरता त्यात बदल करून वाढत्या कुटुंबांना वस्तीलगतच्या वनजमिनीवर घर बांधण्याची वाट मोकळी केली.

हे सारे एका खातेदाराच्या हातातल्या कागदावर कसे दिसते? सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा एकत्र उतारा; पहिल्यात जमीन कोणाची आणि कोणत्या अटींवर आहे ते असते, दुसऱ्यात तिच्यावर काय पिकते ते. घर बांधू पाहणारा बहुधा नाव आणि क्षेत्र पाहून उतारा घडी करून ठेवतो, आणि उजवीकडचा इतर हक्क हा रकाना वाचायचा राहतो. राखीव वन, खाजगी वन कायदा लागू, असे शेरे त्याच रकान्यात असतात, आणि शेजारी वर्तुळात फेरफाराचा क्रमांक असतो. फेरफार म्हणजे गाव नमुना सहामधील ती नोंद, जिच्यामुळे उताऱ्यावर बदल झाला. तो क्रमांक घेऊन फेरफार काढला म्हणजे शेरा कधी, कोणाच्या आदेशाने लागला ते समजते. आज शेरा नसला तरी पुरे होत नाही. संगणकावरचा उतारा चालू स्थिती दाखवतो, म्हणून 1975 च्या आधीपासूनचे हस्तलिखित सातबारे तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून काढून वाचणे, आणि गट नंबर देऊन उपवनसंरक्षक कार्यालयाकडून लेखी खुलासा मागणे, ही दोन कामे टाळू नयेत. कोकणातला इतर हक्काचा रकाना आणखीही काही सांगतो: जमीन एकाची आणि तिच्यावरची आंब्या-फणसाची झाडे दुसऱ्याची, असा प्रकार तेथे दुर्मीळ नाही. आणि उतारा सामाईक असेल, म्हणजे एकाच गटावर पंचवीस-तीस वारसांची नावे असतील, तर एका भावाने विकलेला वाटा नेमका कोणत्या झाडाखाली येतो हे वाटणी आणि मोजणी झाल्याशिवाय ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. मोजणी भूमी अभिलेख खात्याकडून हद्दी कायम करणारी असावी. शेजारी सरकारी जंगल असेल तर त्याच्या हद्दीचे दगडी बुरूज झुडपांत शोधून मोजणीदाराला दाखवावे, कारण कुंपण दोन मीटर पलीकडे गेले की दिवाणी वादाऐवजी वनगुन्हा होतो.

यानंतर बिनशेतीचा टप्पा येतो, ज्याला व्यवहारात एनए म्हणतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 याच्या कलम 44 खाली शेतजमिनीचा वापर घरासाठी बदलण्याची परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडून घेण्याची मूळ पद्धत होती. 2014 पासून कलम 42-अ ते 42-ड ही कलमे समाविष्ट होत गेली आणि ती पद्धत सुटसुटीत होत आली. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरांच्या आतल्या जमिनीला 42-ड चा लाभ मिळतो, हा त्यांतील खेड्यांच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी भाग. हे नियम वरचेवर बदलत असल्याने अर्जाच्या दिवशीचा नियम तलाठ्याकडून खात्री करून घेणेच शहाणपणाचे. मात्र बिनशेतीची सवलत ही शेतीच्या बंधनातून सुटका असते, वनाच्या बंधनातून नव्हे. शेतकरी नसलेल्या व्यक्तीला शेतजमीन घेण्यास मनाई करणारे कुळकायद्याचे कलम 63 आणि ठरावीक क्षेत्राखालचे तुकडे पाडण्यास मनाई करणारा 1947 चा कायदा यांचाही विचार जमीन घेण्याआधीच व्हावा. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत, जी 2020 च्या डिसेंबरात लागू झाली, 1:5 पेक्षा तीव्र उतारावर, म्हणजे आडव्या पाच मीटरांमागे एक मीटरहून अधिक चढ असेल तेथे, बांधकामाला परवानगी नाही. वरकस जमिनींपैकी पुष्कळशा याच कसोटीवर अडतात, आणि ते ठीकच आहे. याउलट पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राविषयी भीती मात्र अवाजवी असते. केंद्राने 31 जुलै 2024 रोजी काढलेल्या मसुद्यात सहा राज्यांतील 56,825.7 चौरस किलोमीटर क्षेत्र होते, त्यात महाराष्ट्राचे 17,340. पण त्यातील बंदीचा रोख खाणी, प्रदूषक उद्योग आणि 20,000 चौरस मीटर व त्याहून मोठी बांधकामे यांवर होता, कुटुंबाच्या घरावर नव्हता.

कागद मोकळा झाला तरी झाडाला हात लावण्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते. ग्रामीण भागात महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम, 1964 लागू आहे आणि त्याच्या अनुसूचीत हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, बिबळा, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन, जांभूळ आणि खारफुटी ही झाडे आहेत. स्वतःच्या जमिनीत स्वतःच्या आजोबांनी लावलेला आंबाही यातून सुटत नाही. अर्जासोबत प्रत्येक झाडाची जात आणि छातीच्या उंचीवर मोजलेला घेर द्यावा लागतो. वनपाल जागेवर येऊन पंचनामा करतो, बुंध्याची साल थोडी तासून क्रमांक घातला जातो, तोडलेल्या ओंडक्यांवर हातोड्याचा शिक्का बसतो, आणि वाहतुकीचा पास मिळाल्याशिवाय लाकूड गावाबाहेर जात नाही. नगरपालिका व महानगरपालिकांच्या हद्दीत 1975 चा निराळा कायदा आहे. 2021 च्या दुरुस्तीनंतर त्यात पन्नास वर्षांवरील झाडाला वारसा वृक्षाचे स्थान मिळाले आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याचे बंधन आले. परवानगीचा हा भाग लोकांना जाच वाटतो, परंतु झाडांची यादी करण्याच्या निमित्ताने मालकाला आपल्या जमिनीवर काय उभे आहे हे पहिल्यांदा नीट दिसते, आणि घराचा नकाशा काढणाऱ्याच्या हाती ती यादी असेल तर जी झाडे तोडायला निघालो होतो त्यांपैकी निम्मी आड येतच नाहीत, असेही पुष्कळदा आढळते.

आता जमिनीकडे वळले पाहिजे, कारण येथे चूक झाली तर अपील नसते. कोकणच्या सड्यांवर आणि उतारांवर वर जांभ्याचा थर असतो व त्याखाली बऱ्याच ठिकाणी मऊ, पांढरट-पिवळसर चिकणमाती असते. जांभा सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी त्यातून झपाट्याने खाली जाते आणि चिकणमातीवर येऊन अडते, मग त्या थराच्या पाठीवरून उताराच्या दिशेने सरकते. झाडांची मुळे या व्यवस्थेत दोन कामे करतात: वरची माती खालच्या थराला टाचून धरतात, आणि पानांवाटे पाणी हवेत सोडून मातीतला ओलावा कमी राखतात. झाड तोडले की दुसरे काम त्याच दिवशी थांबते. पहिले मात्र मुळे कुजेपर्यंत चालू राहते. म्हणूनच तोड झाल्यावरचा पहिला पावसाळा निर्विघ्न जातो, दुसराही जातो, मालकाची खात्री पटते, आणि उतार सर्वांत दुबळा होतो तो साधारण तिसऱ्या ते दहाव्या वर्षाच्या दरम्यान, जेव्हा जुनी मुळे कुजलेली असतात आणि नवी अजून पुरेशी धरलेली नसतात. माळीण येथे 30 जुलै 2014 रोजी आणि तळिये येथे 22 जुलै 2021 रोजी दरडी कोसळल्या, त्या एखाद्या घरासाठी झालेल्या तोडीने नव्हेत. असामान्य पाऊस, उताराची घडण, पाण्याच्या वाटा अशी अनेक कारणे अशा दुर्घटनांमागे एकत्र येतात. पण त्या कारणांपैकी माणसाच्या हातात असलेली कारणे थोडी आहेत, आणि उताराच्या पायथ्याशी आडवा काप घेऊन सपाटी करणे हे त्यांतील पहिले.

ऐन आणि किंजळ यांच्या स्वभावाचा येथे उपयोग करून घेता येतो. ही झाडे बुंध्यापासून तोडली तरी मरत नाहीत. पहिल्या पावसात बुंध्याला धुमारे फुटतात आणि मुळे जिवंत राहतात, राबासाठी पिढ्यान्‌पिढ्या तोडूनही ती टिकली ती याच गुणामुळे. त्यामुळे घराच्या वरच्या आणि खालच्या उतारावर झाड काढणे अगदी आवश्यकच असेल तेथे ते जमिनीपासून वीतभर उंचीवर कापावे आणि बुंधा तसाच राहू द्यावा. जेसीबीवाला बुंधे उपटून जागा स्वच्छ करून देण्याचा आग्रह धरतो, कारण त्याचे बिल तासावर असते. उतारावर तो आग्रह ऐकू नये. घराच्या पायाखाली आणि अंगणात फरसबंदी येणार असेल तेथे मात्र नियम नेमका उलटा होतो. तेथे बुंधा आणि अंगठ्याहून जाड मुळ्या शेवटपर्यंत खणून काढाव्या लागतात, कारण मातीत राहिलेले लाकूड कुजून पोकळी होते, पाच-सात वर्षांनी त्या जागी लादी बसते, आणि तोपर्यंत त्या लाकडाच्या वाटेने वाळवी चौकटींपर्यंत पोचलेली असते. मोठ्या फणसाचा बुंधा काढल्यावर माणूस उभा राहील एवढा खड्डा होतो. तो पालापाचोळा मिसळलेल्या काळसर मातीने एकदाच भरून टाकला तर काम दिसायला पूर्ण होते. खरे पाहता मुरूम वीतभर थराने टाकून, पाणी शिंपून, प्रत्येक थराला धुम्मस करून तो भरावा लागतो. ती काळसर माती टाकून देऊ नये, बाजूला ढीग करून झाकून ठेवावी, कारण हातभर खोलीची ती माती बनायला राईला काही दशके लागलेली असतात आणि परसबागेसाठी तिच्याहून चांगली माती विकत मिळत नाही.

कोणती झाडे ठेवावीत, याबाबत भावनेपेक्षा वाऱ्याचा विचार आधी करावा. दाटीत वाढलेले झाड प्रकाशासाठी उंच जाते, त्याचे खोड बारीक राहते आणि मुळे वाऱ्याचा जोर घ्यायला सरावलेली नसतात, कारण तो जोर सभोवतालच्या झाडांनी वाटून घेतलेला असतो. अशा राईतली सगळी झाडे तोडून शोभेसाठी एखादे उंच झाड घराशेजारी ठेवले तर ते पहिल्या मोठ्या वादळात घरावर येण्याचाच संभव जास्त. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन आणि दापोलीकडील बागांची जी धूळधाण झाली, तिच्यानंतर हे कोकणात कोणाला पटवून द्यावे लागू नये. झाडे ठेवायची तर चार-सहांच्या घोळक्याने, झुडपांच्या कडेसह ठेवावीत, किंवा मुळातच उघड्यावर एकटे वाढलेले, बुटके आणि पसरट झाड निवडावे. बांधावरचा जुना रायवळ आंबा बहुधा असाच असतो. ठेवलेल्या झाडाच्या फांद्या जेथवर पसरतात तेथवरच्या जमिनीवर खोदकाम, भराव किंवा सिमेंट-वाळूचा साठा असू नये. खोडाभोवती फूटभर मातीचा भराव केला तरी आंबा लगेच काही दाखवत नाही. मुळांना हवा न मिळाल्याने तो दोन-तीन वर्षांत वरून वाळत येतो, आणि तोवर भरावाची गोष्ट सर्वजण विसरलेले असतात. ढोली असलेले जुने झाड कुचकामी समजून पहिल्यांदा तोडले जाते, पण धनेशासारख्या पक्ष्याला घरटे करायला नेमकी तीच ढोली लागते, व तिला पर्याय म्हणून नवे रोप लावता येत नाही.

तोडीचा हंगाम दिवाळीनंतरचा. माती तेव्हा घट्ट होऊ लागलेली असते, आणि मिरगापर्यंत पाया, जोते आणि उताराच्या बाजूचा गडगा एवढे उरकण्यास पुरेसे महिने हाती असतात. गडगा म्हणजे चुना-सिमेंट न घालता रचलेली जांभ्याची भिंत. फटींतून पाणी आपोआप झिरपत असल्याने कमी उंचीच्या बांधासाठी ती काँक्रीटच्या बंद भिंतीपेक्षा सरस ठरते, आणि जेथे उंचीमुळे काँक्रीटच वापरावे लागते तेथे भिंतीत पाणी निघायला भोके व तिच्यामागे खडीचा थर ठेवणे हे गवंड्याच्या मर्जीवर सोडता येत नाही. उघडी पडलेली माती उन्हाळाभर पालापाचोळ्याने झाकलेली असावी. पालापाचोळा पेटवून जागा साफ करण्याची सवय सर्वत्र आहे, आणि कोकणातल्या कित्येक वणव्यांचा आरंभ अशाच एखाद्या साफसफाईत होतो.

शेवटचा हिशेब पाण्याचा. कोकणात वर्षाला 3,000 मिलिमीटर पाऊस धरला तर 100 चौरस मीटर छपरावर एका पावसाळ्यात 3 लाख लिटर पाणी पडते. राई होती तेव्हा हेच पाणी पाने, खोडे, पाचोळा यांतून रेंगाळत जमिनीत जात होते. आता ते सगळे पागोळ्यांच्या एका रेषेवर, आणि तेही जोरात, उतरते. ही रेषा उताराच्या बाजूला असेल तर वर सांगितलेले बुंधे, गडगा, भराव या सर्वांची परीक्षा तेथेच होते. म्हणून पन्हळी लावून पाणी एका कोपऱ्यात आणावे, काही साठवावे, उरलेले दगडांनी बांधलेल्या पाटाने जवळच्या पऱ्यापर्यंत, म्हणजे पावसाळी ओढ्यापर्यंत, न्यावे, आणि शोषखड्डा या वाटेपासून तसेच विहिरीपासून दूर, उताराच्या कडेपासून मागे घ्यावा. भिंती छपरापर्यंत पोचल्या नसल्या तरी पहिल्या पावसाआधी हा पाट पूर्ण असावा लागतो. आणि पऱ्या शेजारच्या गटातून जात असेल तर त्या गटाच्या मालकांशी, ते मुंबईत असोत की गावात, पाटाविषयीचे बोलणे मिरगाच्या आधी उरकलेले असावे लागते.